गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकवीस किलोमीटर: गोव्यात नव्याने धावायला लागणाऱ्यांसाठी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दम आधी परत येतो, गुडघा मागाहून. चालणे, सायकल, पोहणे यांनी दोन-तीन महिन्यांत छाती पूर्ववत होते. मांडीचा स्नायू, शिवलेला मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) किंवा नवीन बसवलेला लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा) यांना मात्र त्यांचा वेळ लागतो, आणि तो उत्साहाने कमी होत नाही. धावताना काहीच दुखले नाही म्हणून खुशीत घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सुजलेला गुडघा घेऊन फिजिओकडे जातो, तो याच फरकामुळे. म्हणून या लेखात एकच कसोटी पुन्हा पुन्हा येईल: आजच्या धावण्याचा निकाल उद्या सकाळी लागतो.

दुर्बिणीतून मेनिस्कसचे किंवा लिगामेंटचे ऑपरेशन झाले आहे आणि पुढे दहा किंवा एकवीस किलोमीटर धावायची इच्छा आहे, अशांसाठी हे लिहिले आहे. सांधाच बदललेला असेल तर यातले वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. मी धावणारा आहे, डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनचे सांगणे आणि माझे लिहिणे जुळले नाही तर सर्जनचे ऐका.

आधी डिस्चार्ज कार्ड वाचा

"माझे मेनिस्कसचे ऑपरेशन झाले" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. फाटलेला तुकडा कापून काढला की फाटलेली जागा शिवली, हे कार्डावर पाहा. तुकडा काढलेला असेल तर बहुतेक जण काही दिवसांत कुबडीशिवाय चालतात आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत हळू धावण्याची परवानगी मिळते. शिवलेला असेल तर चार ते सहा आठवडे पायावर किती भार द्यायचा आणि गुडघा किती वाकवायचा यावर बंधने असतात. धावणे चार ते सहा महिन्यांनी. एकाच ग्रुपमधल्या दोघांचे "तेच ऑपरेशन" असूनही एक जण ऑगस्टात धावतो आणि दुसऱ्याला नोव्हेंबर उजाडतो, ते यामुळे.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट, नवीन बसवला असेल तर सरळ रेषेत हळू धावणेसुद्धा तीन-चार महिन्यांच्या आत नाही. फुटबॉलसारखा वळणावळणाचा खेळ किमान नऊ महिन्यांनी. गोव्यात हे ऑपरेशन फुटबॉलमुळेच करून घेतलेले लोक पुष्कळ, त्यामुळे हा दुसरा आकडा त्यांना आधीच पाठ असतो. पहिल्या आकड्याकडे त्यांचे लक्ष नसते. नवीन लिगामेंट सहसा आपल्याच स्नायूचा कंडरा (टेंडन) घेऊन केलेला असतो. शरीर त्याला स्वीकारताना तो आधी मऊ पडतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, मग तो हळूहळू घट्ट होतो. तो सगळ्यात कमजोर असतो साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, आणि नेमकी याच काळात सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि माणसाला वाटते की झाले सगळे ठीक.

सर्जनला भेटाल तेव्हा तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: मेनिस्कस किती उरला आहे, हाडावरची कूर्चा झिजलेली दिसली का, आणि लांब अंतर धावायला त्यांची हरकत आहे का. कूर्चा बरीच झिजली असेल तर सायकल किंवा पोहणे हाच मार्ग धरा. ऐकायला वाईट वाटते, पण आधी कळलेले बरे. ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि ती फिजिओला दाखवा. खासगी फिजिओ परवडत नसेल तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात) चौकशी करा. तिथे रांग असते, पण घरी करायचे व्यायाम एकदा नीट शिकून घ्यायला तेवढे पुरते.

शर्यत निवडताना उलट मोजा

गोव्यात धावण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चिखलीची गोवा रिव्हर मॅरेथॉन सहसा डिसेंबरात होते आणि नवख्यांचे मन तिच्यावरच बसलेले असते. तारीख पाहून तयारी सुरू करू नका. ज्या दिवशी धावण्याची परवानगी मिळेल, तिथून मोजा: सलग अर्धा तास धावता येण्यासाठी सुमारे आठ आठवडे, आणि तिथून २१.०९७५ किलोमीटरपर्यंत चौदा ते सोळा आठवडे. म्हणजे पहिल्या जॉगपासून जवळजवळ सहा महिने.

मे महिन्यात तुकडा काढला आणि ऑगस्टात जॉग सुरू झाला, तर अर्धमॅरेथॉन फेब्रुवारीत येते. डिसेंबरात दहा किलोमीटर धावा, तेही मजेत होते. मे महिन्यात एसीएल झाले असेल तर या हंगामात प्रेक्षक व्हा आणि पाणी वाटायला उभे राहा. नाव नोंदवताना २१ वरून १० वर उतरता येते का, हा नियम पैसे भरण्याआधी वाचा.

पणजीतली आयर्नमॅन ७०.३ पाहून पेटलेले लोकही भेटतात. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि मग २१.१ किलोमीटर धावणे, असा तो मामला आहे. ऑपरेशननंतरचे पहिले ध्येय म्हणून तो डोक्यातून काढून टाका.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत दोनच कामे असतात: सूज उतरवणे आणि गुडघा पूर्ण सरळ करणे. वाकवण्याची चिंता सगळे करतात, सरळ करण्याची कोणी करत नाही. थोडासा वाकलेला राहिलेला गुडघा माणसाला कायम लंगडवतो. आपल्या घरांत पाहुण्यांपासून आजीपर्यंत सगळे प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवतात. ती काढा आणि टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होईल.

गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप बंद पडतो. ही कमजोरी नसते, शरीर स्वतःच त्याला दाबून ठेवते. म्हणून नुसता व्यायाम करून भागत नाही, सूजही उतरवावी लागते. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, पाय उंचावर ठेवून. स्नायू जागा करण्यासाठी, तेवढ्यापुरती, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा, गुडघा तिच्यावर दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा-दहाच्या खेपा, दिवसभरात जमेल तेवढ्या. पाऊल वर-खाली हलवणे दर तासाला, म्हणजे पोटरीत रक्त साचणार नाही.

एकाच पायाची पोटरी सुजली, कडक झाली, दाबल्यावर दुखू लागली तर तो थकवा समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला किंवा छातीत दुखले तर लगेच १०८ ला फोन करा. ताप किंवा टाक्यांतून पू आला तरी वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एकच कुबडी असेल तर ती चांगल्या बाजूच्या हातात.

आणि स्कूटर. गोव्यात स्कूटरशिवाय पान हलत नाही, हे मला मान्य. पण सिग्नलला थांबल्यावर गाडीचा भार ज्या पायावर येतो, तोच ऑपरेशनचा असेल आणि चाकाखाली खडी आली, तर गुडघा पिळवटतो. पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसतानाही पाय टाकून चढावे लागते. अचानक ब्रेक मारल्यावर पाय घट्ट टेकता येईल असे फिजिओ म्हणेपर्यंत बस किंवा रिक्षा.

चवथ (गणेश चतुर्थी) या काळात आली तर पाटावर मांडी घालून बसू नका, आरतीला खुर्ची घ्या. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढणे या वर्षी भावाकडे द्या. मेनिस्कस शिवलेला असेल तर उकिडवे बसणे काही महिने बंदच. भटजी समजून घेतात, काकी-मावशा थोडे बोलतात.

लंगडत असाल तर चालणेही कमी करा

दुसरी पायरी न लंगडता चालणे. लंगडत पाच किलोमीटर चालण्यापेक्षा नीट तीनशे मीटर चालणे कामाचे, कारण लंगडण्याची सवय लागली की ती पुढे धावण्यातही उतरते. सपाट जागा निवडा. पणजीकरांना कांपालचा नदीकाठ आणि तिथून मिरामारपर्यंतचा पदपथ, म्हापसेकरांना पेडे क्रीडा संकुल, मडगावकरांना फातोर्डा स्टेडियमचा परिसर. फोंड्याकडच्यांची थोडी पंचाईत आहे, कारण फर्मागुडीला कुठूनही जा, चढ-उतार आहेच. या टप्प्यात उतार चढापेक्षा वाईट, कारण उतरताना शरीराचा झटका मांडीच्या पुढच्या स्नायूला झेलावा लागतो आणि तोच अजून अर्धा झोपेत असतो.

समुद्रावरची वाळू आता नको. कोरड्या वाळूत पाय रुतून मुरगळतो, ओली वाळू समुद्राकडे उतरती असते. तिची वेळ पुढे येईल.

जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी होकार दिला की तलाव. पाण्यात चालणे, कमरेभर पाण्यात गुडघे उचलणे, फ्रीस्टाइल चालेल. ब्रेस्टस्ट्रोकची बेडकासारखी लाथ गुडघ्याला बाजूने पिळते, ती बरेच महिने टाळा. घरच्या सायकलची सीट उंच ठेवा, म्हणजे गुडघा कमी वाकेल.

अर्धा तास झपझप चालून आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही गुडघा शांत असेल तर पुढे सरका.

ताकद: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग

नवखे इथेच पळवाट काढतात. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, पाऊण तास. जिम असेल तर उत्तम, नसेल तर खुर्ची, एक पायरी आणि भिंत पुरे.

खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे. पुढे जाऊन एका पायावर. पाठीवर झोपून कंबर उचलणे; पुढे एका पायावर. एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच वर-खाली, भिंतीला बोट टेकवून. पायरीवरून एक पाय हळू खाली नेऊन टाच जमिनीला लावायची आणि परत वर, सगळे काम वरच्या पायाने. हा शेवटचा आरशासमोर करा. गुडघा आत झुकतो का ते पाहा. झुकत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. आठ ते बारा वेळा, तीन खेपा, शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. वीस वेळा सहज जमायला लागले की पाठीवर बॅग घ्या, बॅगेत पाण्याच्या बाटल्या.

दोन्ही मांड्या मोजपट्टीने मोजा, गुडघ्याच्या वाटीच्या वर साधारण पंधरा सेंटिमीटरवर. फरक पाहून लोक हबकतात, आणि ते चांगले, कारण मग व्यायाम चुकत नाही. घेर मात्र ताकदीचा ढोबळ अंदाजच देतो. फिजिओकडे ताकद मोजण्याचे यंत्र असेल तर धावण्याआधी ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान सत्तर टक्क्यांपर्यंत यायला हवा, आणि शर्यतीच्या वेगाचे काम सुरू करण्याआधी नव्वदपर्यंत.

यंत्र नसेल तर घरची परीक्षा. गुडघा दुसऱ्याइतका सरळ होतो. सूज नाही. अर्धा तास न लंगडता चालता येते. एका पायावर दहा वेळा अर्धे खाली बसता येते, गुडघा आत न झुकता. एका पायावर वीस वेळा टाच उचलता येते. जागच्या जागी एका पायावर दहा उड्या मारता येतात आणि मारताना मनात भीती नाही. ही शेवटची अट मी मुद्दाम घातली आहे. भीती असलेला माणूस सगळा भार दुसऱ्या पायावर टाकून धावतो आणि मग दुसऱ्या पायाची पोटरी धरते.

धावणे: एक मिनिट

सर्जनचा होकार आणि वरची परीक्षा, दोन्ही हवे. मग पाच मिनिटे चालणे, एक मिनिट जॉग, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, पुन्हा पाच मिनिटे चालणे. एक दिवस आड. सलग दोन दिवस धावायचे नाही. पुढे दोन मिनिटे धावणे आणि दोन चालणे, मग तीन आणि एक, मग पाच आणि एक. प्रत्येक पायरीवर निदान तीन वेळा धावून मगच पुढची. पावले आखूड आणि जलद ठेवा. मिनिटाला पडणारी पावले नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो.

आता ती सकाळची तपासणी. उठल्यावर पाय सरळ करून बसा. वाटीच्या आतल्या बाजूला जो खळगा असतो तिथून तळहाताने वर मांडीकडे दोन-तीनदा पुसा. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा पुसा आणि आतल्या खळग्याकडे पाहा. तो फुगून भरला तर सांध्यात पाणी आहे. काहीच हलले नाही तर ठरल्याप्रमाणे चला. थोडे भरले तर आज सुट्टी आणि पुढच्या वेळी मागची पायरी. पुसण्याआधीच फुगलेले दिसले तर धावणे थांबवून फिजिओला दाखवा. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या: दोनपर्यंत चालेल, तीन ते पाच असेल तर वाढ थांबवा, त्यापुढे धावणे बंद. दुखणे धावताना वाढत गेले किंवा चाल बिघडली तर आकडा काहीही असो, चालत घरी या.

दुखण्याची गोळी घेऊन कधीही धावू नका. गोळी ही तपासणीच आंधळी करते, आणि गोव्याच्या दमटपणात घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

कुठे धावायचे? बांबोळीच्या ॲथलेटिक स्टेडियमचा ट्रॅक उत्तम, फक्त अर्धा वेळ उलट दिशेने धावा, कारण वळणावर एकाच पायावर जास्त भार येतो. दिवाडीचे शेतांमधले सपाट रस्ते मला सगळ्यात आवडतात. रायबंदरहून फेरीने जा, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पहाटे गाड्याही कमी. बेटाच्या मधल्या पिएदादच्या टेकडीवर मात्र अजून चढू नका. कुत्र्यांची काळजी सगळीकडे घ्या. चावण्यापेक्षा मोठा धोका त्यांना चुकवताना मारलेल्या अचानक वळणाचा आहे. कुत्रा अंगावर आला तर थांबा आणि चालायला लागा.

जून ते सप्टेंबर रस्त्यांच्या कडेला आणि चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. या महिन्यांत ट्रेडमिल, सायकल आणि ताकद.

अर्ध्या तासापासून एकवीसपर्यंत

सलग अर्धा तास जमला की आठवडा असा बसवा: तीन दिवस धावणे, दोन दिवस ताकद, एक दिवस सायकल किंवा तलाव, एक दिवस काहीच नाही. तिन्हींपैकी एक धाव लांब, सहसा रविवारी, बोलत बोलत धावता येईल अशा वेगाने. लांब धाव किलोमीटरमध्ये अशी वाढवता येते: ५, ६, ७, ५, ८, ९, १०, ७, १२, १३, १४, १०, १६, १८, १२, आणि मग शर्यत. दर चौथ्या आठवड्याला उतरायचे आहे, ते गाळू नका. एका आठवड्यात अंतर, वेग आणि चढ यांपैकी एकच वाढवा. पणजीतल्या आल्तिनो टेकडीचा चढ दहा किलोमीटर शांतपणे जमल्यावर, आणि उतरताना चालत.

आता वाळूची वेळ. कोलवा ते केळशीपर्यंतचा किनारा ओहोटीला टणक आणि रुंद असतो. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून या रविवारी सकाळी मिळाली तरी पुढच्या रविवारी मिळेलच असे नाही, वेळापत्रक पाहून जा. उतार असल्याने जेवढे जाल तेवढेच परत या, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो. बूट घालूनच, आणि महिन्यातून दोनदा पुरे.

थंडीतही इथे घाम भरपूर येतो. सूर्य वर येण्याआधी संपवा. तासापेक्षा लांब धावेत पाणी बरोबर ठेवा, तहान लागेल तसे घोट घ्या, आणि मीठ घातलेले कोकम सरबत किंवा ओआरएस. घरी आल्यावर शहाळे.

खाण्यात एकाच गोष्टीकडे लक्ष द्या, प्रथिने. शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. सकाळची पेज आणि लोणचे यात प्रथिने जवळजवळ नाहीत. पेज ठेवा, सोबत दोन अंडी घ्या. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, मागाहून श्रावण येतो, म्हणजे ज्यांची प्रथिने मासळीवर चालतात त्यांचे हे महिने कोरडे जातात. मुगागाठी (मोडाच्या मुगाची आमटी), आळसांद्यांचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी), दही, पनीर यांचा वाटा तेव्हा दुप्पट करा.

शर्यतीचा दिवस

बूट जुने, नाश्ता जुना, वेग सरावाचा. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी एक मिनिट चाला, कोणी हसत नाही. उतारावर पावले आणखी आखूड. गुडघा अडकला, निसटल्यासारखा वाटला किंवा चाल लंगडी झाली तर बाजूला व्हा आणि स्वयंसेवकाला सांगा, गाडी मिळते.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटे चाला. त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवून या. एकवीस किलोमीटरनंतर मांडीत ताकद उरत नाही, आणि गाडी स्टँडवर चढवतानाच गुडघा पिळवटलेले लोक मी पाहिले आहेत. पुढचा आठवडा फक्त चालणे आणि तलाव. ताकदीचे व्यायाम दुसऱ्या आठवड्यात परत सुरू करा आणि पुढच्या शर्यतीचे पैसे त्यानंतरच भरा.